अर्ल माझ्यावर फार खूश आहे

शनिवार, १९ ऑक्टोबर

टेसा आज कॉलेजातून घरी आली. येताना साप घेऊन आली. सापाचं पिल्लू. पेन्सिलीपेक्षा बारीक, नाक डुकराच्या पिल्लासारखं वर वळलेलं. विषारी वगैरे नाही. अर्डिथ फ्रीसेनबाईंकडून घेतलाय. या बाई साप पाळतात, जिल्ह्यातल्या सापवाल्यांचा क्लब चालवतात आणि सापांतलं आपल्यालाच सगळं कळतं अशा तोऱ्यात असतात.

नाव अर्ल. माझ्या बायकोच्या, लोएटाच्या, वडिलांचं नाव. टेसा म्हणे, आई, नाक बघ, आजोबाच आहेत. लोएटाला हे रुचलं नाही. साप तिला आवडत नाहीतच, पण वडिलांच्या नाकाबद्दल ती माझंसुद्धा काही ऐकून घेत नाही, आणि मी जावई म्हणून सव्वीस वर्षं ते नाक सहन केलेलं आहे.

होस्टेलात साप चालत नाही. म्हणून थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत, अर्ल इथे, टेसाच्या खोलीत. तोवर रुळला, जेवायला लागला, तर कायमचा इथेच राहील आणि टेसा दर पंधरवड्याला त्याला भेटायला येईल. नाही रुळला तर परत अर्डिथबाईंकडे. मग पोरगी कशाला येतेय? ऑगस्टात गेली ती आज उगवली. घर खायला उठतं. लोएटा म्हणते, मला नाही खायला उठत, मला तर बाथरूम वेळेवर मिळतं.

तेव्हा अर्ल रुळणार. मी रुळवणार.

टेसाच्या सूचना: आठवडाभर डबा उघडायचा नाही. हात लावायचा नाही. वाकून बघायचंही नाही. मग उंदराचं एक गोठवलेलं पिल्लू कोमट पाण्यात नरम करून आत ठेवायचं आणि खोलीबाहेर निघून जायचं. नाही खाल्लं तर पुन्हा आठवडाभर काही नाही. मी म्हटलं, एवढंच? यात अवघड काय? तर म्हणे, बाबा, तुला हेच अवघड आहे.

मी लहानपणी बाटलीने वासरं वाढवलेली आहेत. जत्रेत बक्षीस आहे. जनावराला माणसाची सवय लागते, डब्याच्या झाकणाची नाही. पण आजकालच्या पोरांना कोण सांगणार.

रविवार, २० ऑक्टोबर, चर्चहून आल्यावर

टेसा सकाळीच परत गेली. डबा उघडला. फक्त पाणी बघायला.

पाणी होतं. अर्ल नव्हता. भुसा उकरला तर तळाशी निघाला. बरं झालं उकरला, नाहीतर तो आहे हे कळलंच नसतं.

मला पाहून त्याने मान चपटी केली, छाती काढली आणि मोठमोठे सुस्कारे सोडले. ट्रकच्या टायरमधून हवा जाते तसा आवाज, एवढ्याशा जिवातून. फुप्फुसं ठणठणीत. मग तोंड मिटून बोटाला नाकाने ढुशी दिली. वासरं अगदी अशीच देतात. पहिल्याच दिवशी ओळख पटली.

संकल्प: रोज दोनदा भेटायचं. कामावर जाण्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी. नियमितपणा हा पाया.

टेसाला फोन केला. उचलला नाही. अभ्यासात असेल.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज जे घडलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी नेहमीप्रमाणे उकरून काढला, तळहातावर घेतला. सुस्कारे झाले, ढुशी झाली. आणि मग स्वारीने अंगाला दोन-चार आळोखेपिळोखे दिले आणि चक्क उताणा झाला. पोट वर. तोंड उघडं, जीभ बाहेर लोंबतेय. आमचा जुना कुत्रा रूफस पोट खाजवून घ्यायला अस्साच पडायचा. मी एका बोटाने पोट चोळलं. हूं नाही की चूं नाही. नुसतं सुख.

उशीर होत होता म्हणून सुलटा करून भुशावर ठेवला, तर पठ्ठ्या लगेच परत उताणा. पुन्हा सुलटा केला. पुन्हा उताणा. म्हणजे अजून चोळ. तीन दिवसांत इतका लाडावला.

वासही आला, चांगलाच उग्र. पोट मोकळं झालं म्हणायचं. परक्या माणसापुढे जनावर इतकं मोकळं होत नाही.

टेसाला एवढ्यात सांगायचं नाही. थँक्सगिव्हिंगला एकदम दाखवायचं. चेहरा बघण्यासारखा होईल पोरीचा.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

लोएटाने विचारलं, सारखा त्या खोलीत काय करतोस? म्हटलं, पाणी बदलतो. म्हणे, एवढंसं जनावर आणि पाणी म्हशीइतकं पितंय का?

आज अर्ल हात लागायच्या आधीच उताणा झाला. झाकण सरकवल्याबरोबर. वाट बघत असणार.

शनिवार, २६ ऑक्टोबर

पहिलं जेवण. तयारी जय्यत. उंदराचं पिल्लू लोएटाच्या ग्रेव्हीच्या भांड्यात नरम केलं, कारण त्या भांड्याला चोच आहे, पाणी ओतायला सोपं. लोएटा नेमकी तेव्हाच आत आली. भांडं फेकून दे म्हणाली. मी म्हटलं, घासून ठेवतो. ती म्हणाली, घासलंस तरी थँक्सगिव्हिंगला त्यातली ग्रेव्ही तू एकटाच खा.

अर्लला बाहेर काढून टॉवेलवर ठेवलं. जेवण मोकळ्या हवेत अंगी लागतं. उंदीर चिमट्यात धरून नाकासमोर नाचवला. डावीकडून नाचवला, उजवीकडून नाचवला. तोंडाने थोडा चूं चूं आवाजही केला, खराखुरा वाटावा म्हणून. अर्ल उताणा. आधी लाड, मग जेवण, असा त्याचा हिशेब. लाड केले. पुन्हा उंदीर. पुन्हा उताणा. शेवटी उंदीर गार पडला. गार अन्न मी त्याला देणार नाही. उचलून परत गॅरेजच्या फ्रीझरमध्ये टाकलं. टेसा म्हणाली होती तसाच ठेव आणि जा. पण ताटावर पाहुणा बसवून यजमान निघून जातो का कुठे?

संध्याकाळी टेसाचा फोन. लोएटाच्या फोनवर आला, माझा लागला नसेल. टेसाने विचारलं, जेवला ना रे? मी म्हटलं, तर!

हे खोटं नाही. जेवला असं मी म्हणालेलो नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

अर्लच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक खोलगट घडी दिसते. बांधा सुधारतोय.

मर्वला सांगितलं. मर्व माझ्याबरोबर धान्याच्या गोदामावर काम करतो. मी ट्रक वजन करतो, ज्वारीचे नमुने तपासतो, तो ट्रक रिकामे करतो. मर्व म्हणे, लेका, साप जेवत नसेल तर उंदराला ट्यूना माशाच्या डब्यातलं पाणी लाव, माझ्या मांजराला चालतं. म्हटलं, मांजर आणि साप यांत फरक आहे. तो म्हणे, हो, मांजर तुझ्या घरी राहिलं नसतं.

हे लक्षात ठेवण्यात येईल.

शनिवार, २ नोव्हेंबर

ट्यूनाचं पाणी. नाही.

चिकनचं सूप. नाही.

उंदीर आणि सूप दोन्ही. माझ्या बाहीवर सांडलं.

अर्ल प्रत्येक वेळी उताणा. जिभेवर भुसा चिकटलेला, तोही मी बोटाने काढतो. आईसुद्धा एवढं करणार नाही. टेसाने पुन्हा विचारलं तर काय सांगायचं हे ठरवलंय: तब्येत एकदम सडपातळ आणि चपळ. फोन लावला. उचलला नाही. मेसेज टाकला. बाराच मिनिटांत उत्तर आलं: बाबा क्लासमध्ये आहे. शनिवारी क्लास? चांगलं कॉलेज आहे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

वजन. हे आधीच सुचायला हवं होतं. जो माणूस पंचवीस वर्षं वजनं करतोय त्याने आपल्या सापाचं वजन करू नये?

ट्रकच्या काट्यावर अर्थात होणार नाही, त्याच्या हिशेबात अर्ल म्हणजे धूळ. पण आमच्याकडे नमुन्यांचा छोटा तराजू आहे, ज्वारीचा दाणा न् दाणा मोजणारा. अर्लला डब्यात घालून कोटाच्या आत नेलं. दुपारी ट्रकांची रांग कमी झाल्यावर तराजूवर ठेवला. तिथेही उताणा झाला. ऑफिसातही लाड.

अर्डिथबाईंनी टेसाला जे वजन सांगितलं होतं त्यापेक्षा तराजू कमी दाखवत होता. बरंच कमी. दोनदा ठेवून बघितला. तीनदा.

अर्थ उघड आहे. तराजू बिघडलाय.

मॅनेजरला लगेच सांगितलं. हा विषय गंभीर असतो. आमच्या तराजूच्या भरवशावर अख्खा जिल्हा ज्वारी विकतो. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. म्हणे, तुला कसं कळलं? म्हटलं, अनुभव.

बुधवार, ६ नोव्हेंबर, दुपारी

सकाळी नमुने घेणं बंद. ट्रक रस्त्यापर्यंत उभे. हंगाम ऐन भरात, त्यात वारा सुटलेला. शेतकरी उतरून उतरून विचारत होते, काय झालं, कोणी मेलं का? तपासणीचा माणूस आपली पितळी वजनं पेटीत घेऊन आला, पांढरे हातमोजे घालून. एकेक वजन ठेवलं. सगळी वजनं ठेवून झाल्यावर म्हणाला, असा अचूक तराजू मी या वर्षी पाहिला नाही. शिक्का मारून गेला.

मॅनेजरने विचारलं, मग तुला बिघडलाय असं नक्की कशावरून वाटलं? मी ज्वारीत ओल जास्त आहे वगैरे बोललो. मर्व मागे उभा होता. त्याने जाताना खिशातून टॉफी काढून तराजूवर ठेवली आणि ती उताणी केली.

म्हणजे अर्लचं वजन खरोखर कमी झालंय. सरकारी शिक्क्यानिशी.

पण नीट विचार केला तर वाढीच्या वयात मुलं बारीक होतातच. टेसा सहावीत असताना अशीच काटकुळी झाली होती.

बुधवार, ६ नोव्हेंबर, संध्याकाळी

दिवस संपला नव्हता.

आमच्या चर्चमध्ये बुधवारी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, प्रत्येक घरून एकेक पदार्थ. आणि आमच्या जिल्ह्यात क्रीमचे रिकामे प्लास्टिकचे डबे कोणी टाकत नाही. धुऊन ठेवतात आणि आयुष्यभर त्यांत काही ना काही गोठवतात. आमच्या गॅरेजच्या फ्रीझरमध्ये अर्धी गाय, कोबी-खिम्याचे पाव आणि असे डझनभर डबे. एकात टोमॅटो, एकात रस्सा, चार-पाचांत गेल्या उन्हाळ्यातल्या स्ट्रॉबेरी. आणि एकात, लोएटाला दिसू नये म्हणून मी ठेवलेले, अर्लचे उंदीर.

लोएटाने घाईत एक डबा उचलला. स्ट्रॉबेरी समजून. गुलाबीच होतं आत, बर्फ लागलेलं.

पास्टरच्या बायकोने झाकण उघडलं. केकवर घालायला चमचा घेऊन.

पुढचं मला लोएटाने सांगितलं नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, एकेकाने, गाडीपर्यंत चालत येऊन. एक आजी म्हणे जागच्या जागी बसल्या. पास्टर म्हणाले, सगळी देवाचीच लेकरं, पण झाकण लावा.

घरी आल्यावर लोएटा गाडीतून आधी उतरली. मग दारात थांबून म्हणाली की तो साप नीट जेवत असता तर तिने एखादवेळ हेही गिळलं असतं. पण व्हर्लिन, तो जेवतही नाही, मी डबा बघितला, एकही उंदीर कमी झालेला नाही. थँक्सगिव्हिंगपर्यंत जेवला तर राहील, नाहीतर साप, उंदीर आणि तू, तिघंही अर्डिथकडे.

उंदीर मोजते बायको. विश्वास म्हणून काही राहिलेला नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

नवी योजना. अर्लला एकटं वाटतंय. आज दुपारभर त्याला शर्टाच्या खिशात घेऊन फुटबॉलची मॅच पाहिली. माझ्या अंगाची ऊब, माझ्या काळजाचे ठोके. खिशातच उताणा झाला. खिसा धुवावा लागला.

उंदीर दिला. नाही.

आता भेटी दिवसातून चार. कमी पडत होतो हे कबूल करायला मला लाज नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अर्डिथबाईंच्या क्लबचा मेसेज आला. शनिवारी मासिक बैठक, वाचनालयाच्या तळघरात. सभासदांनी आपले साप आणावेत, अनुभव सांगावेत. मी लगेच नाव दिलं. विषय: माणसाळलेला साप. टेसाला मेसेज केला, तीही येते म्हणाली. खास त्यासाठी तीन तास गाडी चालवून. आपणहून.

लोएटा म्हणाली, जेवत नाही हे सांगशील का तिला आधी? म्हटलं, आधी तिला तो माझ्यापाशी कसा वागतो ते बघू दे. जेवणाचं काय, आज ना उद्या जेवेल. प्रेम आधी. लोएटा भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

शनिवार, १६ नोव्हेंबर, सकाळी

शर्ट इस्त्री केला. अर्लच्या डब्याला रिबन. भाषण पाठ. पहिलं वाक्य: मित्रहो, साप आपल्याला ओळखतो का? मी म्हणतो, हो.

शनिवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही.

थोडक्यात. पंधरा-वीस माणसं, कॉफी, कुकीज. टेसा पहिल्या रांगेत. मी पहिलं वाक्य म्हटलं. अर्लला बाहेर काढलं. सुस्कारे, ढुशी, आणि ठरल्याप्रमाणे उताणा, तोंड उघडं, जीभ बाहेर. मी पोट चोळलं. सुलटा केला, परत उताणा झाला. मी म्हटलं, बघा, पुरे म्हणत नाही. आमचं हे दिवसातून चार वेळा चालतं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकाने हातातली कुकी खाली ठेवली.

अर्डिथबाई उठल्या. वाटलं, अभिनंदन करायला. त्यांनी अर्लला माझ्या हातातून अलगद काढून घेतलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं, वर आपला स्वेटर टाकला. मग हळू आवाजात म्हणाल्या की व्हर्लिन, हा लाड मागत नाहीये. हा मेल्याचं सोंग करतोय. या जातीच्या सापाला समोरचा आपल्याला खाणार अशी खात्री पटली की तो शेवटचा उपाय म्हणून उताणा पडतो, घाण वास सोडतो, की बाबा मी मेलोय, कुजलोय, आता तरी जा. सुलटा केला की घाईघाईने परत उताणा होतो, कारण मेलेलं जनावर उताणंच असतं असा त्याचा समज आहे.

मी म्हटलं, रोज?

त्या म्हणाल्या, तू रोज जात होतास ना.

मग टेसाने विचारलं की बाबा, खरं सांग, तो एकदा तरी जेवलाय का. इतक्या लोकांसमोर. मी 'तर' म्हणायला तोंड उघडलं. पण ते म्हणालो नाही. मान नकारार्थी हलवली.

टेसा रडली. पार्किंगमध्ये, माझ्याच ट्रकला टेकून. मी तिथेच उभा होतो, हातात रिबन. म्हणाली की दर वेळी तू सांगायचास चाललंय व्यवस्थित, आणि मी खरं मानायचे. ती लहानपणी पडायची, गुडघे फोडून घ्यायची, तेव्हा मला काहीतरी करता यायचं. आज काही करता येत नव्हतं. फार वाईट वाटलं. हे वाक्य इथेच राहू दे, कोणी वाचणार नाही.

अर्डिथबाई म्हणाल्या, आता जागा बदलली तर उरलासुरला दमही जाईल. अर्ल आहे तिथेच राहू दे. डबा झाकायचा, खोलीचं दार लावायचं. गुरुवारी संध्याकाळी एक उंदीर आत ठेवायचा आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. थँक्सगिव्हिंगपर्यंत नाही खाल्लं तर मग त्या नळीने भरवून बघतील, पण त्याचा काही नेम नसतो. उंदीर कोण ठेवणार, असं टेसाने विचारलं. मी हात वर केला. टेसाने लोएटाला फोन लावला.

सोमवार, १८ नोव्हेंबर

गेलो नाही.

दारापर्यंत गेलो. दारापर्यंत जाणं म्हणजे जाणं नव्हे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

गेलो नाही. लोएटाने दाराच्या मुठीला चर्चमधली छोटी घंटा बांधली आहे.

मर्वला सगळं सांगितलं. हसेल वाटलं. हसला नाही. म्हणाला, माझा मोठा भाऊ आला की मीही तसंच करतो, सोफ्यावर, डोळे मिटून. मग म्हणाला, तुझी चूक नाही रे, तुला काही नुसतं बघताच येत नाही, हात घालावाच लागतो. मित्र म्हणून त्याने हे बोलणं मला शोभलं नाही, म्हणजे त्याला.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

लोएटाने उंदीर ठेवला. बर्फाच्या चिमट्याने, हात लांब करून, डोळे मिटून, मोठ्याने प्रार्थनेचं गाणं म्हणत. बाहेर आली तेव्हा घामाघूम. म्हणाली, माझ्या वडिलांच्या नावासाठी करतेय, तुझ्यासाठी नाही.

संध्याकाळभर स्वयंपाकघरात बसलो. आत काही आवाज नाही. वासरू निदान हंबरतं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

उंदीर नाही.

लोएटाने झाकणाचा कोपरा उचलून बघितलं. उंदीर नाही, आणि अर्लच्या अंगात मधोमध एक फुगवटा. मी म्हटलं, नक्की बघ, तू कालच फेकून दिला नसशील ना? ती म्हणाली की ठेवतानाच मी अर्धी मेले, परत उचलायला जाईन का मी?

जेवला. देवा, जेवला पोरगा. गॅरेजमध्ये जाऊन अर्ध्या गायीशेजारी जरा वेळ उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीनेही येतं.

नंतर विचार केला. जेवला तो लोएटाच्या हातचा, हे दिसायला खरं आहे. पण महिनाभर पाया कोणी घातला? भूक कोणी लावली?

लोएटाने टेसाला कळवलं. तासभर बोलत होत्या. मी फोन मागितला तेव्हा टेसाचा क्लास सुरू झाला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

दुसरा उंदीरही गेला. बैठकीनंतर लोएटाने टेसाच्या सांगण्यावरून डबा तसाच्या तसा ठेवला आहे. त्यावर आता तिने विणलेला रुमाल घातलाय. काल तिला आत कोणाशी तरी बोलताना ऐकलं. म्हणत होती की नाक तर अगदी तसंच आहे हो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टेसा आली. टर्की, बटाटे, ग्रेव्ही नव्या भांड्यात.

जेवणानंतर तिने रुमालाचा कोपरा उचलला. मला दारातून बघायची परवानगी. अर्ल पुठ्ठ्याच्या नळीतून अर्धा बाहेर होता. जीभ दोनदा बाहेर काढली, आत घेतली, वळला, आणि नाकाने भुसा खणत खाली गेला. बस. ना सुस्कारा, ना ढुशी. मला तर तो ओळखीचाच वाटेना. टेसाच्या डोळ्यांत मात्र दिवे लागले. आईला मिठी मारली. मग मलाही मारली. जरा लांबून येऊन, पण घट्ट.

निर्णय: अर्ल इथेच राहणार. टेसा दर पंधरवड्याला येणार. मला हवं होतं ते सगळं मिळालं. अर्ल लोएटाच्या ताब्यात, मी खोलीबाहेर, हा तपशील.

रात्रीची भांडी पुसताना मी लोएटाला म्हटलं, पंधरवडा म्हणजे फारच होतो, दर आठवड्याला ये असं सुचवू का पोरीला? उद्या सकाळी, दुपारी आणि रविवारी जाताना. लोएटा म्हणाली, व्हर्लिन, तिचंही झाकण जरा लावून ठेव.

टेसाला झाकण कुठे असतं? लोएटा दमली आहे बिचारी, दिवसभर उभी होती.

रविवार, १ डिसेंबर

टेसा दुपारी परत गेली. पोचली असेल.

संकल्प: तिने फोन करेपर्यंत आपण करायचा नाही. एकदाही नाही. या महिन्यात मी पुष्कळ शिकलोय आणि हे तिलाही कळायला हवं, म्हणून तेवढं सांगायला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, की आधीचा फोन चुकून लागला. तोही नाही.

आत्ता लोएटाचा फोन वाजला. ती तो घेऊन टेसाच्या खोलीत गेली. दार लावलं, घंटा वाजली. हसण्याचा आवाज येतोय, दोघींचा.

मी बाहेर उभा आहे. मुठीला हात लावलेला नाही.